पाणी न धरणारी काच

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत. झाडलोट करणाऱ्या मावशींपासून थेट सरांपर्यंत. सर तिच्याहून वयाने पुष्कळ मोठे, पण कुठे अडलं की तेही म्हणायचे, "ताईंना विचारा." गोठवलेल्या पेशी कुठल्या खणात आहेत, उबवणीच्या कपाटाचं दार लागत नसेल तर गुडघा नेमका कुठे टेकवायचा, कुठल्या तराजूवर विश्वास ठेवायचा आणि कुठल्यावर नाही, हे सगळं ताईला पाठ होतं. पण तिचा खरा लौकिक होता तो तिच्या बाटल्यांचा.

बाकीच्यांचं काचसामान धुण्याच्या यंत्रात जायचं. ताईचं कधीच नाही. ती नोकरीला नवीन असताना यंत्रातल्या त्या जहाल द्रावणाचा अंश बाटलीत राहून तिच्या सगळ्या पेशींचा सुपडा साफ झाला होता. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. तान्ह्या बाळाच्या अंगाला लावतात तसल्या बिनवासाच्या साबणाची वडी ती घरून आणायची, बाटल्या आतून-बाहेरून घासायची, नळाखाली मनगटं दुखेस्तोवर विसळायची, मग शुद्ध पाण्याचा हात फिरवून भिंतीवरच्या खुंट्यांच्या फळीवर उलट्या टांगायची. इतरांच्या बाटल्या अर्धा दिवस ओल्या राहायच्या. ताईच्या बघता बघता कोरड्या. "आमच्या ताईंची बाटली म्हणजे आरसा," असं सर बाहेरून आलेल्या पाहुण्यांना सांगत. ताई तेव्हा मान खाली घालून काहीतरी मोजत असल्याचं दाखवायची, पण कान टवकारलेले असायचे.

मग नवी आली.

तिला येऊन आता बराच काळ लोटला होता, तिच्यामागून आणखी दोघंतिघं लागलेही होते, पण नवी हे नाव तिलाच चिकटलं. वयाने ताईहून चांगलीच लहान, अंगाने सडसडीत, आणि कामाची पद्धत अशी की बघणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत. टेबलावर पसारा. आकडे कागदावर लिहायच्या ऐवजी हातमोज्यावर लिहायची आणि मोजा फेकून दिला की कचऱ्याच्या डब्यात डोकं घालून शोधत बसायची. काम करताना गुणगुणायची. धुण्याचा तर तिला असा कंटाळा, की जमेल तिथे एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या नळ्यांवरच भागवायची. आणि एवढं असून तिच्या पेशी तरारून यायच्या. ताईच्या पोटात दुखायला तेवढं पुरेसं होतं, पण गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही.

रोज सकाळी आल्या आल्या सर आधी ताईच्या टेबलाशी थांबत. टेबलाच्या कडेवर दोन बोटं टेकवून विचारत, "काय म्हणतायत पेशी?" प्रश्न साधाच, उत्तरही ठरलेलं. "बऱ्या आहेत, सर." पण तो प्रश्न ताईचा होता. तिच्या दिवसाला त्याने सुरुवात व्हायची. एका सकाळी सर चालत चालत तिच्या टेबलावरून पुढे गेले, नवीच्या टेबलाशी थांबले, पसाऱ्यातून जेमतेम दोन बोटांपुरती जागा शोधली आणि तोच प्रश्न तिथे विचारला.

"उपाशी आहोत म्हणतायत, सर. माझ्यासारख्याच," नवी म्हणाली.

सर हसले. ताईने ते हसू पाठीवर झेललं. तिच्या हातातल्या नळीतला थेंब पेशींच्या ताटलीतल्या भलत्याच खळग्यात पडला, आणि तसं तिच्या हातून कधी होत नसे.

घरी नवऱ्याला हे सांगायची सोय नव्हती, कारण तो शाळेत गणित शिकवायचा आणि प्रत्येक गोष्टीत उत्तर काढायला बसायचा. तरी कळायचं ते कळतंच. ताई घरात शिरताना चपला कशा काढते यावरून तो ओळखायचा. "आज काय केलं सवतीने?" असं त्याने एकदा गमतीत विचारलं, आणि पुढे तेच नाव पडलं. ताई चिडायची. म्हणायची, मला काय करायचंय तिचं. मग जेवताना तासभर तिचंच बोलायची.

सासूबाई मात्र मुद्द्यात रस घ्यायच्या, कारण मुद्दा त्यांच्या अंगातला होता. काही महिन्यांपासून त्यांच्या पायांवर सूज यायची, लघवीला फेस यायचा, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की मूत्रपिंडातून प्रथिन गळतंय. एका संध्याकाळी मटार सोलता सोलता त्यांनी सुनेला विचारलं, की तू रोज तिथे हेच बघतेस ना, मग हे आहे तरी काय ते मला कळेल असं सांग.

ताईने सांगितलं. रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं. ते म्हणजे हमाल. त्याच्या पाठीवर मेदाम्लं, म्हणजे चरबीचे अगदी बारीक तुकडे, लादलेले असतात. जिथे हवे तिथे ते नेऊन पोचवायचे, हे त्याचं काम. मूत्रपिंडातली चाळणी धड असली की हमाल रक्तात राहतात. चाळणी फाटली की पलीकडे सांडतात, पाठीवरच्या ओझ्यासकट. चाळणीच्या पुढे बारीक नळ्या असतात, त्यांच्या पेशी भारी काटकसरी. आलेलं काही वाया जाऊ देत नाहीत. सगळे हमाल उचलून आत घेतात, आणि घेता घेता आजारी पडतात, मरतात. नळ्या मेल्या की मूत्रपिंड हळूहळू बसतं. आता प्रश्न एवढाच, की पेशींना मारतं कोण. हमालांची गर्दी, की त्यांच्या पाठीवरचं ओझं?

सासूबाईंनी एक शेंग फोडली, दाणे मोजल्यासारखे बघितले. "म्हणजे घरी पाहुणे आले की जीव पाहुण्यांनी जातो की त्यांच्या सामानाने, असंच ना?"

"तसंच, आई."

"माझी नणंद यायची तेव्हा दोन्हींनी जायचा."

ताई हसली. पण तिच्यासाठी हा हसण्याचा प्रश्न नव्हता. तिचं उत्तर ठरलेलं होतं आणि छापलेलं होतं. प्रबंध लिहीत असताना तिने चरबी पूर्ण काढलेलं अल्ब्युमिन एका चिमुकल्या कुपीतून मिळवलं होतं, आपल्या बाटलीत विरघळवून पेशींना दिलं होतं, आणि पेशी साध्या अल्ब्युमिनने मरतात तितक्याच त्यानेही मेल्या होत्या. त्यावरून तिने एक वाक्य लिहिलं, की चरबी काढली तरी हानी तेवढीच होते, म्हणजे दोष प्रथिनाचाच. बाकीचा प्रबंध कुणी वाचला असेल नसेल, ते वाक्य मात्र लोकांनी उचललं. दूरदूरच्या माणसांच्या लेखांत ते यायचं, शेवटी कंसात तिचं आडनाव. ताईला मूलबाळ नव्हतं, मोठं पद नव्हतं, बोलण्यात छाप पाडायची कला नव्हती. जगात तिच्या मालकीचं असं काही असेल तर ते एक वाक्य.

आणि नवीने नेमका त्यालाच हात घातला. तिने कोळशाच्या पुडीने अल्ब्युमिनमधली चरबी ओढून काढली आणि ते पेशींना पाजलं. पेशी जगल्या. त्याच अल्ब्युमिनवर मेदाम्ल पुन्हा चढवलं आणि पाजलं. पेशी मेल्या. दोष ओझ्याचा. तिने हे सगळ्यांसमोर मांडलं तेव्हा तिचा आवाज आनंदाने चिरकत होता, आणि शेवटी ती ताईकडे वळून म्हणाली की ताई, तुमच्या कामामुळेच मला हे सुचलं. ती हे मनापासून म्हणाली होती, आणि तेच ताईच्या नाकाला झोंबलं. मुद्दाम खोचक बोलली असती तर परत बोलता आलं असतं.

सरांनी दोघींना खोलीत बोलावलं. थोड्या दिवसांत त्यांना एका मोठ्या परिषदेत सगळ्या प्रयोगशाळेच्या वतीने निबंध वाचायचा होता, आणि त्यात दोन तोंडांनी बोलता येत नव्हतं. एक तर ताईचं वाक्य राहील, नाहीतर नवीचं येईल. त्यांनी उपाय सुचवला तो दोघींनाही मान्य होण्यासारखा. नवीने तिचा प्रयोग पुन्हा करावा, पण जसाच्या तसा ताईच्या पद्धतीने. त्याच पेशी, तेवढाच वेळ, तेच काचसामान.

"ताईंच्या बाटल्या मला हात लावायला मिळणार?" नवी म्हणाली. "ही तर माझी बढतीच झाली."

ताईने आपल्या फळीवरून बाटल्या काढून दिल्या. देताना प्रत्येक बाटली उजेडात धरून बघितली, जणू मुलगी सासरी पाठवतेय.

पेशी मेल्या. बिनचरबीच्या अल्ब्युमिननेही मेल्या, साध्यानेही मेल्या, जशा ताईच्या प्रबंधात मेल्या होत्या तशाच. ज्या पेशींना नुसतं पोषणाचं पाणी दिलं होतं त्या ठणठणीत होत्या, म्हणजे बाटलीत काही विष होतं असंही म्हणायची सोय नव्हती. नवीने प्रयोग पुन्हा केला. पुन्हा मेल्या. तिचं गुणगुणणं थांबलं. तिने टेबलावरचा पसारा आवरला, आणि आवरलेल्या टेबलाशी ती परक्या घरात बसल्यासारखी बसून राहायला लागली.

ताईचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी तिने चपला शांतपणे काढल्या, जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि भांडी लावताना गुणगुणली. नवऱ्याने नुसतं बघितलं आणि आईला म्हणाला, "सवत माहेरी गेली वाटतं."

खरं तर तिथेच सगळं संपायचं. पण नवीचा स्वभाव असा, की हरली तरी तिला शिकायची हौस. दुसऱ्या दिवशी ती ताईच्या शेजारी नळाशी येऊन उभी राहिली. म्हणाली की चूक माझ्याच हातात असणार, तेव्हा आता मला बाटल्या धुवायला शिकवा. ताईने शिकवलं. जिंकलेल्या माणसाला उदार व्हायला फार कष्ट पडत नाहीत. नवीने बाह्या वर करून वडी हातात घेतली, बाटली घासली, विसळली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"ताई, तुमच्या बाटल्या इतक्या पटकन का वाळतात ते आत्ता कळलं," ती म्हणाली. "पाणी त्यांच्यावर थांबतच नाही. हे बघा, थेंब थेंब होतं आणि घरंगळून जातं. नाहीतर माझ्या मेल्या बाटल्या, पाणी नुसतं अंगभर पसरून बसतं."

"हं," ताई म्हणाली.

तिने नळ बंद केला. हात पुसले. टेबलाशी येऊन बसली.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतात ते. काच खरी स्वच्छ असेल तर पाणी धरते. पाण्याचा एक पातळ, सलग पदर काचेवर पसरतो. जी काच पाण्याचे थेंब करते, ती तेलकट. हे ताईने कित्येक मुलांना परीक्षेसाठी पाठ करायला लावलं होतं. स्वतःच्या बाटल्यांकडे मात्र तिने कधी त्या नजरेने बघितलं नव्हतं. लवकर वाळतात याचा तिला अभिमान होता, आणि अभिमान असलेल्या गोष्टीची कुणी परीक्षा घेत नाही.

आणि साबण म्हणजे तरी काय? मेदाम्लाचंच मीठ. नळाचं पाणी जड, क्षारांचं. जड पाण्यात साबणाची साय धरते आणि ती काचेला चिकटते, कितीही विसळा. नुसतं पाणी तिला सोडवू शकत नाही. म्हणून तर नुसत्या पोषणाच्या पाण्यातल्या पेशी जगल्या होत्या. पण चरबी काढून घेतलेलं अल्ब्युमिन म्हणजे रिकाम्या पाठीचा हमाल. त्याला ओझं घेण्यावाचून दुसरं काही येत नाही. तो भिंतीवर जे सापडेल ते खरवडून पाठीवर घेणार.

तरी ताईने मनातल्या मनात निकाल लावला नाही. ती तशी नव्हतीच. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले तेव्हा तिने नवीचं बिनचरबीचं अल्ब्युमिन थोडं घेतलं. अर्धं आपल्या एका धुतलेल्या बाटलीत ओतलं, अर्धं कोऱ्या प्लास्टिकच्या नळीत, आणि दोन्ही उबवणीत ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे बाहेर गेल्यावर तिने दोन्हींतलं थोडं थोडं दोन कोऱ्या नळ्यांत काढलं आणि त्यांत मेदाम्ल ओळखायचं द्रावण घातलं. ते मेदाम्ल असेल तितकं जांभळं होतं. प्लास्टिकमधलं पाण्यासारखं राहिलं. बाटलीतलं आधी गुलाबी झालं, मग गडद होत होत पिकल्या जांभळासारखं झालं.

प्रबंधातल्या त्या चिमुकल्या कुपीतलं अल्ब्युमिनही याच साबणाने धुतलेल्या बाटलीत विरघळवलं होतं. म्हणजे ते वाक्य वाक्य नव्हतंच. ती साबणाची साय होती.

दोन्ही नळ्या ओतून टाकायला ती सिंकपर्यंत गेली. पण मिळालेलं उत्तर फेकायचं नाही, ही सवय हाडीमाशी मुरलेली. तिने नळ्यांना झाकणं लावली आणि फ्रिजमध्ये आपल्या डब्यामागे सरकवून ठेवल्या. मग स्वतःशी हिशेब मांडायला बसली. तिने कुणाला फसवलं नव्हतं. बाटल्या सरांनी वापरायला सांगितल्या होत्या, प्रयोग नवीने आपल्या हाताने केला होता. कुणी विचारलं तर सांगायचं. न विचारता कोण सांगतं? सरांचा निबंध तयार होत आला होता, त्यात तिचं वाक्य जागच्या जागी होतं. परिषद झाली की झालं. नवी तरुण आहे, तिला दुसरं काहीतरी सापडेलच, तिला सगळं सापडतं.

बहुधा ती गप्पच राहिली असती. तिला बोलतं केलं ते चांगुलपणाने नव्हे. एका चहाच्या कपाने.

दुपारी सर आपल्या खोलीतून बाहेर आले, ते हातात दोन कप घेऊन. सर स्वतः चहा आणताना ताईने कधी पाहिले नव्हते. ते तिच्या टेबलावरून पुढे गेले, एक कप नवीपुढे ठेवला, आणि स्टूल ओढून चक्क बसले. ताईच्या टेबलाशी ते आजवर कधी बसले नव्हते. दोन बोटं टेकवायचे, तेवढंच. ते हळू आवाजात नवीला काही सांगत होते. आपण तरुणपणी कसे एका चुकीच्या कल्पनेमागे वर्षभर धावलो, कसं तोंडावर आपटलो, आणि तरी तेच वर्ष आपल्याला सर्वांत जास्त शिकवून गेलं, असं काहीतरी. ताईने हे कधीच ऐकलं नव्हतं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण ती कधी आपटलीच नव्हती. म्हणजे आपटली होती, पण तिचा आवाज झाला नव्हता.

जिंकून तिच्या हाती काय आलं होतं? निकाल दाखवला तेव्हा सर "ठीक" म्हणाले होते, कागदावरून मान वर न करता. आणि हरलेलीला चहा, स्टूल, गोष्ट. ताईच्या छातीत अशी आग उठली की तिला वाटलं, हिने हरूनही मलाच लुटलं.

तेवढ्यात नवीचा आवाज आला. "सर, मला एकदा प्लास्टिक आणि काच शेजारी शेजारी ठेवून बघू द्या. माझ्यात आणि ताईंच्यात आता तेवढाच फरक उरलाय."

सर म्हणाले की बघ की, त्यात काय.

म्हणजे ही शोधणार. आज नाही तर परवा. माझ्या बाटलीतली, माझ्या साबणाची, माझ्या वाक्यातली चूकसुद्धा हीच शोधणार, आणि सर पुन्हा हसणार. एवढं मात्र ताईला सोसवेना. चूक तिची होती. ती दुसऱ्या कुणाला द्यायला ती तयार नव्हती.

ती उठली. फ्रिज उघडला, डबा बाजूला केला. रंग टिकून होता. दोन्ही नळ्या घेऊन ती नवीच्या टेबलाशी गेली आणि दोन कपांच्या मधोमध ठेवल्या, एक रंगहीन, एक जांभळी.

"शेजारी शेजारी ठेवून झालंय," ती म्हणाली. "हिचंच बिनचरबीचं अल्ब्युमिन आहे. हे प्लास्टिकमधलं. हे माझ्या बाटलीतलं."

सरांनी जांभळी नळी उचलली. उजेडात धरली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. "तुमच्या बाटलीतलं?"

"माझ्या बाटलीतलं. साबणही माझाच."

नवीला क्षणभर काही उमगलं नाही. मग तिचा हात आपोआप तोंडावर गेला. "म्हणजे मी काढलेली सगळी चरबी बाटलीने परत दिली."

"दिली नाही. त्याने ओढून घेतली. रिकामं होतं ना ते."

सर सावकाश म्हणाले, "ताई, मग तुमचं ते वाक्य..."

"खोडावं लागेल. मी खोडते." हे ती इतकं झटकन म्हणाली, की सरांना पुढे बोलायला जागा राहिली नाही. ते वाक्य दुसऱ्या कुणाच्या हातून खोडलं जाण्याची कल्पनाच तिला करवत नव्हती.

कधी लक्षात आलं, असं सरांनी विचारलं. ताई म्हणाली, "हिने थेंब दाखवले तेव्हा." ते खरं होतं. मधले दिवस तिने सांगितले नाहीत, आणि कुणी विचारलेही नाहीत.

"पण मी तर कौतुक करत होते तुमचं," नवी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"अगं, म्हणून तर जोरात लागलं."

सर हसले. नवी रडता रडता हसली. ताईला आपण गमतीचं बोललो हे उशिरा कळलं. सरांनी उठून स्टूल तिच्याकडे सरकवलं, पण ती बसली नाही. ते नवीपाशी बसण्यासाठी ओढलेलं स्टूल होतं.

बाटल्या भट्टीत तापवून त्यांच्यावरची साय जाळून टाकली. मग नवीने तिसऱ्यांदा प्रयोग केला, ताईच्या पद्धतीने, ताईच्या बाटल्यांत. निकालाच्या सकाळी नवीने मायक्रोस्कोपवर आधी ताईलाच बसवलं. ताईने डोळे टेकवले. एका श्वासापुरतं तिला वाटलं, मेलेल्या असू देत. पेशी फरशीसारख्या एकमेकींना खेटून, नीट, बिनधास्त पहुडल्या होत्या. एकही सुटून तरंगत नव्हती. ताईने यंत्र जरा फिरवून सगळे कोपरे तपासले. मग उठून म्हणाली, "जगल्यात," आणि आपल्या टेबलाशी गेली.

निबंधात नवीचं नाव पुढे आलं आणि ताईचं मागे. साबणाचा परिच्छेद ताईने लिहिला. एकेक शब्द तोलून, कुणी दया करावी असं त्यात काही राहू दिलं नाही. सर परिषदेहून परत आले तेव्हा म्हणाले की प्रश्न विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांनी साबणाबद्दलच विचारलं. अर्धी सभा आपापल्या बाटल्या आठवून गप्प झाली होती. ताईने हे घरी सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज जरा चढला होता. नवरा म्हणाला की आता सवतीच्या मांडीला मांडी लावून बसायला हरकत नाही. ताई म्हणाली, तूच बस.

सासूबाईंनी विचारलं, "मग काय ठरलं? दोष सामानाचा?"

"बराचसा."

"आणि पाहुण्यांचा काहीच नाही?"

"थोडा असेलही. ते अजून बघायचंय."

"बघा, बघा. मला तर डॉक्टर म्हणतात, पाहुणे येऊच देऊ नका, चाळणी सांभाळा." त्यांनी गोळ्यांची डबी उघडली. उरलेल्या साबणाच्या वड्या ताईने घरी आणून न्हाणीघरात ठेवल्या होत्या. त्या सासूबाईंना फार आवडल्या. म्हणाल्या, अंगाला कसं मऊ लागतं, थोडा ओशटपणा राहतो.

"राहतो," ताई म्हणाली.

त्यानंतरच्या एका सकाळी सर आले आणि दोघींच्या टेबलांच्या मधे, वाटेतच थांबले. टेकवायला तिथे कड नव्हती, म्हणून दोन बोटं हवेतच राहिली. "काय म्हणतायत पेशी?" त्यांनी विचारलं, कुणा एकीकडे न बघता.

नवीने तोंड उघडलं. उत्तर तिच्या जिभेवर होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. मग तिची नजर ताईकडे गेली, आणि तिने ओठ मिटले. वाट बघायला लागली.

ते ताईच्या नजरेतून सुटलं नाही. तेवढं तरी हिने द्यायला नको होतं. हिसकावून घेता आलं असतं तर गोड लागलं असतं.

"बऱ्या आहेत, सर," ती म्हणाली.

सर मान हलवून आपल्या खोलीत गेले. नवी गुणगुणायला लागली. ताई नळाशी गेली. फळीवर सकाळच्या बाटल्या अजून ओल्या होत्या. आता ताईच्याही आधी भट्टीत तापायच्या, मग यंत्रात धुऊन शुद्ध पाण्याने विसळून निघायच्या. पाण्याचा पातळ पदर सगळ्यांवर सारखा पसरलेला, ताईची कुठली आणि नवीची कुठली ते ओळखू येत नव्हतं. तिने एकेक बाटली उजेडात फिरवून तळाच्या खुणा बघितल्या, आपल्या वेगळ्या काढल्या, आणि फळीच्या सगळ्यात वरच्या ओळीत टांगल्या.